ऊन न पाहिलेली माती

आत येताना डोके सांभाळा, मित्रांनो. माझी चौकट बुटकी आहे आणि सहाशे वर्षांत तिने भल्याभल्यांच्या कपाळाला टेंगूळ आणले आहे. मी बीदरच्या किल्ल्यातली एक जुनी कोठडी आहे. मला नाव नाही. लोक रंगीन महाल पाहतात, फोटो काढतात आणि माझ्यावरून पुढे जातात. मीही त्यांना कधी हाक मारली नाही.

गुलबर्ग्याची गादी सोडून सुलतान इथे आले, त्या धामधुमीत माझा जन्म झाला. पाथरवटांनी खंदकासाठी लाल जांभा कापून काढला आणि त्याच दगडाने माझ्या भिंती रचल्या. तिकडे इराणातून आलेले कारागीर महालांना निळ्या फरशा बसवत होते. माझ्या वाट्याला एकच मिस्त्री आला, तोही दुपारच्या जेवणानंतर, डोळ्यांवर झापड घेऊन. त्याने मला खिडकी ठेवलीच नाही. विसरला की मुद्दाम ठेवली नाही, ते मला आजवर कळलेले नाही. पण पुढे माझी सगळी किंमत त्या नसलेल्या खिडकीमुळेच झाली.

आधी माझ्यात ज्वारी भरली, मग बंदुकीची दारू. बहमनी गेले, बरीदशाही आली, मग विजापूरकर, मग मोगल, मग निजाम. प्रत्येक नवा किल्लेदार दारात उभा राहून "आत काय आहे?" असे विचारायचा आणि कुलूप बदलायचा. मोगलांच्या वेढ्यात पलीकडच्या बुरुजावर दारूचा साठा उडाला, तेव्हा माझ्या छताचे सात पोपडे पडले. त्या बुरुजावर माणसे होती. मी पोपडे मोजले. मला तेव्हाही काही वाटले नाही, आणि खरे सांगायचे तर काही वाटण्याची मला सवयच नव्हती.

राजे संपले तशी कुलपेही संपली. मग माझ्याकडे येत राहिले ते फक्त बिद्रीवाले.

बिद्रीचे भांडे तुम्ही पाहिले असेल. जस्तात थोडे तांबे घालून ते ओततात. तेव्हा ते अगदी करड्या, मळक्या रंगाचे असते. त्यावर नक्षी कोरतात आणि कोरलेल्या चरीत चांदीची तार ठोकून बसवतात. शेवटी नवसागर आणि माझ्यातली माती पाण्यात कालवून कढईतल्या त्या गरम पाण्याने भांडे घासतात. मग जस्त काजळासारखे काळे होते आणि चांदी पांढरी ती पांढरीच राहते. माती मात्र ऊन आणि पाऊस न पाहिलेली लागते. ती चांगली की वाईट हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. मित्रांनो, राजांनी माझ्यात वस्तू ठेवल्या. मला चाखून पाहिले ते फक्त याच लोकांनी.

उस्ताद बुऱ्हानसाब पन्नास वर्षे येत होते. त्यांच्या आधी त्यांचे वडील यायचे. चिमूट उचलायची, जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे, थुंकायचे आणि पोते भरायचे, असा त्यांचा ठरलेला क्रम होता. माती आणणे हे त्यांच्या घरात पुरुषाचे काम. बायका घरी बसून तार ठोकत. बुऱ्हानसाबांना मुलगा नव्हता, एक मुलगी होती, तहसीन. तिशी ओलांडलेली, हाताने बापापेक्षा बारीक काम करणारी, आणि तोंडाने तेवढीच तिखट. ती मला ठाऊक होती ती फक्त बुऱ्हानसाबांच्या बोलण्यातून. एका गुरुवारी सकाळी ती त्यांच्या मागोमाग आली आणि माझ्या चौकटीवर तिचे डोके आपटले.

दारातल्या ओट्यावर पहारेकरी वीरशेट्टी पेरू कापत बसला होता. शेजारी मिठाची पुडी उघडी होती.

"आज पोरीला पण आणलंत, चाचा?" तो म्हणाला.

"रुसलीय ती. रुसलेल्या माणसाला घरात एकटं ठेवू नये," बुऱ्हानसाब म्हणाले. "भांडी आपटते."

"रुसले नाहीये मी," तहसीन कपाळ चोळत म्हणाली. "अण्णा, तुम्हीच सांगा. पहिल्यांदा माझ्या नावावर सुरई जायची होती, दिल्लीच्या प्रदर्शनाला. पाच महिने तार ठोकली. आणि रंग कसला आला? चुलीतल्या राखेचा! शेजारीण विचारते, छान आहे गं, ॲल्युमिनियमची का?"

वीरशेट्टीला हसू आले, पण त्याने पेरूची फोड तोंडात कोंबून ते दाबले.

"नवसागर बाद निघाला," बुऱ्हानसाब म्हणाले.

"नवसागर नेहमीचाच होता, अब्बा. आता तो राखाडी रंग घासून काढलाय मी. तार निम्मी झिजली. आणखी एकदा घासावी लागली तर तार सुटेल, मग ती सुरई भंगारातच घालायची. त्यामुळे आज मी आलेय. माती माझ्या डोळ्यांदेखत घ्यायची."

"घ्या, पण आजच घ्या," वीरशेट्टी म्हणाला. आता तो हसत नव्हता. "सोमवारी कामगार येणारेत. पुरातत्त्व खात्याच्या साहेबांचा हुकूम. आतली सगळी माती उपसायची, फरशी घालायची, भिंतींना चुना, आणि वर दोन झरोके पाडायचे. लोकांना बघायला."

"माती उपसणार?" बुऱ्हानसाबांनी विचारले. "अरे, तू सांगितलं नाहीस त्यांना?"

"सांगितलं की. म्हणाले, वीरशेट्टी, माती काय, मैदानभर पडलीय." तो पुन्हा पेरूकडे वळला. "मी काही बघितलेलं नाही. मी पेरू खातोय."

ते दोघे आत आले. बुऱ्हानसाब अंधारात सरळ उत्तरेच्या कोपऱ्यात गेले. त्यांच्या वडिलांचा कोपरा तोच होता. मित्रांनो, इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती फक्त मलाच ठाऊक होती. गेल्या पावसाळ्यात त्याच कोपऱ्यावर माझे छत तडकले होते. बारीक भेग होती, पण पाणी ठिबकत होते. वरून ती माती होती तशीच दिसायची, पण तिच्यातला जोर गेला होता. आधीच्या वेळी बुऱ्हानसाबांनी हीच माती चाखली, डोळे मिटले आणि नेली. तेव्हा मी ते नुसते पाहिले. पन्नास वर्षांत हा माणूस एकदाही चुकला नव्हता.

आताही त्यांनी चिमूट जिभेवर ठेवली. "हीच," ते म्हणाले. "पक्की हीच. आण पोतं."

तहसीनने खाली वाकून तळहात टेकवला. "ओल लागतेय, अब्बा."

"गारव्यानं तसं वाटतं. तुला काय कळतंय त्यातलं?"

तहसीन उठली. ती दारापाशी गेली. "अण्णा, चिमूटभर मीठ द्या."

"पेरू पण घे की."

"नको. मीठच."

ती परत आली. अंधारात बापाला तिची मूठ दिसत नव्हती. "अब्बा, ही बघा बरं. मागच्या भिंतीजवळची आहे."

बुऱ्हानसाबांनी तिच्या तळहातावरून चिमूट उचलली, जिभेवर ठेवली आणि नेहमीसारखे डोळे मिटले. त्यांनी अजिबात घाई केली नाही.

"फिकी आहे," ते म्हणाले. "काही दम नाही. पहिलीच बरी."

तहसीनने तळहातावरचे उरलेले मीठ झटकले. बाहेर वीरशेट्टीच्या सुरीचा आवाज येत होता.

"कधीपासून?" तिने विचारले.

"काय कधीपासून?"

"अब्बा, ते मीठ होतं."

बुऱ्हानसाब हळूच खाली बसले. "त्या तापानंतर," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. जीभ आहे, बोलते, पण तिला कळत काही नाही. तू ईदला शीरखुर्मा दिलास तो आणि दुसऱ्या दिवशीची भाकर, दोन्ही मला सारखंच."

"आणि मी विचारलं, गोड झालाय ना? तर म्हणालात, वा!"

"मग काय म्हणू? जीभ गेलेल्या माणसाला उस्ताद कोण म्हणेल?"

"माझी सुरई गेली असती, अब्बा."

"कढईतून काढली तेव्हाच दिसलं मला," बुऱ्हानसाब म्हणाले. "कळलं की चूक माझी. तरी नवसागरावर ढकललं. तू रात्रंदिवस ती घासत होतीस आणि मी तुझ्यासमोर बसून चहा पीत होतो."

तहसीनला रडू आले असावे, कारण तिने ओढणीने नाक पुसले. पण आवाज तिचा नेहमीचाच होता, खडखडीत. "बरं, आता सांगा. कशी लागते?"

"काय?"

"माती! चांगली माती जिभेला कशी लागते ते सांगा. सोमवारी ती नसणार, आणि तुम्हाला कळत नाही. मग राहिलं कोण? अण्णा?"

"मला नको बाबा," बाहेरून वीरशेट्टी म्हणाला.

बुऱ्हानसाब विचारात पडले. त्यांना कोणी हे शब्दांत सांगितले नव्हते आणि त्यांनीही कोणाला सांगितले नव्हते. "आधी काहीच लागत नाही," ते शेवटी म्हणाले. "तिथंच माणूस फसतो. थांबायचं. मग जिभेच्या टोकाला चावते. लोखंडी अडकित्ता चाटलास कधी? तशी. आणि मग घशाकडे गार जाते. गार गेली नाही तर टाकून द्यायची."

तिने पश्चिमेच्या भिंतीजवळची चिमूट जिभेवर ठेवली. "खारट."

"टाक."

ती थुंकली, बाटलीतल्या पाण्याने चूळ भरली आणि पुढे सरकली. "कडू. अगदी तोंड वाईट करणारी."

"तो चुना आहे. टाक."

असे तिने सात-आठ ठिकाणी केले. बापाने प्रत्येक वेळी "थांबलीस का?" असे विचारले आणि ती प्रत्येक वेळी खेकसली. पूर्वी दारूची पिंपे ठेवायला केलेला एक दगडी कट्टा माझ्या मागच्या भिंतीशी आहे. त्याच्या आडोशाला ती गुडघ्यांवर बसली. चिमूट उचलली. या खेपेला ती थुंकली नाही.

"अब्बा," ती म्हणाली, "चावतेय."

"मग? गार?"

"थांबा हो. बोलायला लावू नका मला." आणि थोड्या वेळाने, "हो. गार."

बुऱ्हानसाब चाचपडत तिच्यापाशी आले. त्यांनीही तिथली चिमूट घेऊन जिभेवर ठेवली. त्यांना काही लागले नसणार, तरी पुष्कळ वेळ त्यांनी तोंड मिटून ठेवले होते. मग दोघांनी मिळून दोन पोती भरली. वीरशेट्टीने पेरू खाली ठेवला आणि एक पोते रिक्षापर्यंत नेऊन दिले.

सोमवारी कामगार आले. फावडी चालली. माझी माती त्यांनी बाहेर उन्हात ढीग करून टाकली, आणि आठवड्याने पाऊस येऊन तिचा चिखल झाला. मला झरोके पाडले, भिंतींना चुना दिला, खाली गुळगुळीत फरशी घातली आणि छतात एक दिवाही लावला. आता माझ्याकडे माणसे येतात. "किती स्वच्छ ठेवलंय!" असे म्हणतात. उमेदीच्या वर्षांत माझे कोणी एवढे कौतुक केले नव्हते. मला त्याचे बरे वाटत नाही, वाईटही वाटत नाही.

मित्रांनो, त्या साहेबांवर माझा राग नाही. छताची भेगही त्यांनीच बुजवली, आणि मला जपायचे म्हणूनच त्यांनी हे सारे केले. पण तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हाती कधी एखादी जुनी वस्तू किंवा वास्तू येईल. तिला हात लावण्याआधी एवढे विचारा, की हिच्याकडे अजून कोण येते आणि इथून काय घेऊन जाते. फार लांब जावे लागत नाही. दारात पेरू खात बसलेल्या माणसाचे नीट ऐकले असते, तरी पुरले असते.

जवळच्या अष्टूर गावच्या उरुसाच्या आदल्या आठवड्यात तहसीन पुन्हा आली. हातात गाठोडे होते आणि तिकीट होते.

"तिकीट कशाला काढलंस गं?" वीरशेट्टी म्हणाला.

"कोठडी आता मोठ्या लोकांची झाली ना, अण्णा."

"आणि चाचा?"

"घरी आहेत. चहात साखर आहे की नाही तेसुद्धा आता मला विचारतात. आहे म्हटलं की मान डोलावतात, वा म्हणतात. उद्या ही दिल्लीला जातेय. म्हटलं, आधी इथं दाखवावी."

ती वाकून आत आली. या वेळी तिचे डोके आपटले नाही. तिने गाठोडे सोडले आणि सुरई माझ्या फरशीवर ठेवली. झरोक्यातले ऊन नेमके तिच्यावर पडले. चांदीची वेल लखलखली, पण वेलीच्या मागचा काळा रंग काही उजळेना. तो रंग मी लगेच ओळखला. सहाशे वर्षे तो माझ्याजवळ होता आणि मला त्याची इतकी सवय होती, की तो गेला तेव्हा कळलेही नव्हते.

मला काही वाटत नाही, असे मी मघापासून तुम्हाला सांगते आहे. त्या दिवशी वाटले.

बाहेर कोणीतरी फोटोसाठी थांबले होते. तहसीनने सुरई फडक्यात नीट गुंडाळली, चौकटीखाली डोके वाकवले आणि माझा अंधार काखेत मारून ती घरी गेली.