पाक सुतार्जोचा खांदा

सुतार्जोचा उजवा खांदा कुस्वादीने बिघडवला, आणि वर त्यालाच ढोंगी ठरवलं. पहिली गोष्ट सुतार्जोने कधीतरी माफ केली असती. दुसरी नाही.

सुतार्जो, मानाने हाक मारायची तर पाक सुतार्जो, म्हणजे जावा बेटावरच्या क्लातेनजवळच्या एका वस्तीतला बॅडमिंटनचा जुना वाघ, पन्नाशी उलटलेला. गेल्या वर्षी जुलैत हात वर नेला की खांद्यात कुणीतरी आतून चिमटा काढतंय असं होऊ लागलं. सतरा ऑगस्टच्या, तिकडच्या स्वातंत्र्यदिनाच्या सामन्यांना महिना राहिलेला. वस्तीत अंग चोळणारा एकच, कुस्वादी. त्याने नाण्याने पाठ खरवडून तांबड्या रेघा ओढल्या, "वारा शिरलाय, पाक," म्हणाला, आणि हात पाठीमागे नेऊन असा पिळला की सुतार्जोच्या ओरडण्याने तीन गल्ल्यांपलीकडची भाताची गिरणी बंद पडली. गिरणीवाला अजून शपथेवर सांगतो.

अंतिम सामन्यात समोर कुस्वादीच. सुतार्जोचा हात कानापर्यंतही जाईना. हरला. मग मैदानाच्या कडेच्या चहाच्या टपरीवर कुस्वादी म्हणतो, "खांदाबिंदा काही नाही हो. हरायची वेळ आली की काही जणांना दुखायला लागतं."

वस्ती हसली. बायको सुमियातीसुद्धा पदर नव्हता म्हणून हातपंख्याआड हसली. त्या दिवसापासून सुतार्जोला एकच हवं होतं: खांदा आपण बिघडवला हे कुस्वादीने त्याच टपरीसमोर, आपल्या तोंडाने सांगावं.

त्यासाठी आधी खांदा हवा. इलाज मोजायला त्याने माप धरलं घरी पाळलेल्या कवड्या पक्ष्याच्या पिंजऱ्याचं. रोज सकाळी दोरी ओढून पिंजरा उंच बांबूच्या टोकाला चढवायचा. कुस्वादीच्या चोळण्यानंतर पिंजरा जमिनीवरच राहिला. समोर मांजर बघून कवड्याने घुमणं सोडलं. मग शहरातल्या डॉक्टरचं इंजेक्शन. दोन दिवसांत पिंजरा टोकाला आणि सुतार्जो ढगात. हे सुख चाललं बरोबर पाच आठवडे. छत्तिसाव्या दिवशी कळ आली, दोरी सुटली आणि कवडा दाणकन खाली.

"सुई दुखणं झोपवते, खांदा सुधारत नाही," सरकारी दवाखान्यात व्यायाम शिकवणारी लिस्त्या म्हणाली. "हाडाखाली तुमच्या स्नायूची दोरी घासतेय. भोवतालचे स्नायू कमवा. बारा आठवडे."

"बारा? तोवर माझा सूड शिळा होईल, पोरी."

"शिळा खा. पण रबर ओढा."

खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून तो ओढू लागला. आकडे मोजायचा नाही. प्रत्येक ओढीला "कुस्वादी" म्हणायचा. पंधरा कुस्वादी सकाळी, पंधरा संध्याकाळी. पिंजरा वीत वीत चढत गेला. बाराव्या आठवड्यात टोकाला पोचला, आणि महिने उलटले तरी खाली आला नाही.

यंदा नऊ जुलैला सुमियातीचा गुडघा दाखवायला तो पुन्हा त्याच शहरातल्या डॉक्टरकडे गेला. बाकावर एक माणूस निळं हेल्मेट घालून, काच खाली ओढून बसलेला. पण अंगठे चपटे होते, तीस वर्षं लोकांच्या पाठी दाबून झालेले. आत गेला उजवा हात डाव्याने सावरत. बाहेर आला तो हात गरगरा फिरवत.

"अहो, हा कुस्वादीच ना? हाक मारू?"

"गप बस. ज्याचा स्वतःचा खांदा दुखतो त्याच्याकडे चोळून घ्यायला कोण जाईल? जाऊ दे त्याला सुखाने."

सुतार्जोने बोटं मोजली. नऊ जुलै आणि पाच आठवडे, तेरा ऑगस्ट. सामना सतराला. त्या संध्याकाळी तो दुप्पट भात जेवला.

अंतिम सामन्यात समोर पुन्हा कुस्वादी. सुतार्जोने एकही फटका जोरात मारला नाही. दर वेळी शटलचं फूल उंच, उंच, मागच्या रेषेवर. आणि दर वेळी वडीलधाऱ्यांशी बोलावं तशा गोड, अदबीच्या भाषेत: "घ्या, पाक." पहिला डाव कुस्वादीने कसाबसा रेटला. दुसऱ्यात त्याचा हात बस थांबवणाऱ्या माणसासारखा अर्ध्यातच अडकला आणि फूल येऊन टकलावर बसलं.

जिंकल्यावर सुतार्जो जाळीखालून पलीकडे गेला, टपरीसमोर चटई पसरली आणि पालथा पडला.

"पाक कुस्वादी, उजवा खांदा जरा आखडलाय. चोळता का?"

मागणाऱ्याला परत पाठवलं तर चोळणाऱ्याच्या हातचा गुण जातो, असं वस्तीत सगळे मानत. कुस्वादी तर तीस वर्षं हेच सांगत आला होता. तो गुडघ्यांवर बसला. दाबू लागला. त्याचा घाम सुतार्जोच्या पाठीवर टपकू लागला.

"जोर नाही लागत, पाक."

कुस्वादी कानाशी वाकला. "तुम्हाला माहीत आहे."

"नऊ जुलै. निळं हेल्मेट."

"काय हवंय?"

"गेल्या वर्षीचं. मोठ्याने."

कुस्वादीने आणखी चार दाब दिले. पाचव्याला हात पाठीवरून घसरला. मग तो टपरीकडे न बघता म्हणाला, "गेल्या वर्षी पाक सुतार्जोंचा खांदा मीच पिळून बिघडवला. ते ढोंग करत नव्हते."

टपरीवर चहा ढवळणारा चमचा थांबला. सुमियातीने पंखा मांडीवर ठेवला. सुतार्जोने डोळे मिटले. वर्षभर असा श्वास घेतला नव्हता.

कुस्वादी उठू लागला.

"बसा, पाक," सुतार्जो अदबीने म्हणाला. "डावा राहिलाय."

"डाव्याला काय झालंय?"

"काही नाही. पण त्याला वाईट वाटायला नको."