माफीच्या फळ्यावर काका

ऐका, आधी कुणी मध्ये बोलायचं नाही, नाहीतर माझा पारा आणखी चढेल.

माझा काका माहितीये ना तुम्हाला? पंख्यापासून वॉशिंग मशीनपर्यंत सगळं दुरुस्त करणारा? तर हा माणूस नऊ वर्षं एका फोरमवर आहे. घरच्या वस्तू स्वतः दुरुस्त करणाऱ्यांचा फोरम. लोक विचारतात, काका एका बोटानं टाइप करून उत्तरं देतो. समोर जेवण गार होतं, काकू करवादते, "त्या फोरमशीच लग्न करायचं होतंत!" तरी देतो.

मागच्या मंगळवारी पाळणाघर चालवणाऱ्या एका ताईंनी तिथं विचारलं, मायक्रोवेव्ह बंद पडलाय, पोरांचं दूध गरम करायचं असतं, शनिवारी सुट्टी आहे तेव्हा मीच उघडू का? लगेच अ‍ॅडमिन टपकला. "विचारण्याआधी शोधा. ही घ्या जुनी चर्चा." आणि प्रश्नाला कुलूप! खाली कुणी काही लिहूच शकत नाही. बरं, त्या सहा वर्षं जुन्या चर्चेत काय लिहिलंय? प्लग काढा, मागचं झाकण उघडा आणि बिनधास्त हात घाला.

काका ताटावरून उठलाच. अगं, मायक्रोवेव्हच्या आत कपॅसिटर असतो, तो प्लग काढल्यावरही करंट धरून बसतो. हात लागला की माणूस खलास. खलास म्हणजे खलास!

म्हणून काकानं त्या जुन्या चर्चेत लिहिलं, "हे चुकीचं आहे, जीव जाईल, उघडू नका." दहा मिनिटांत ते गायब. पहिली ताकीद: जुनी चर्चा उकरून काढू नये. अरे, पण तुम्हीच त्या ताईंना तिथं धाडलंत ना! काकानं नवी चर्चा सुरू केली. ती पण गायब. दुसरी ताकीद: एका विषयावर दोन चर्चा नकोत. मग काकाचं डोकं सटकलं. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "मग सांगू कुठं, भिंतीला?" झालं! अ‍ॅडमिनशी उघड वाद. तिसरी ताकीद, आणि काका तीन महिने बाहेर.

मी म्हटलं, थांब, मी खातं उघडते. उघडलं. तर म्हणे नवीन सदस्यानं पंधरा दिवस नुसतं वाचायचं! ताईंना खाजगी निरोप पाठवावा, तर तोही नव्यांना बंद. अ‍ॅडमिनला मेल केली. उत्तर काय? "सात दिवसांत कळवू." आणि तेव्हा उजाडला होता गुरुवार!

बाहेर काढलेल्यांना एकच दार उघडं असतं, माफीनामा. तोही गुपचूप नाही हं. 'माफीचा फळा' म्हणून सगळ्यात वर लागतो, फोरम उघडला की आधी तोच दिसतो. कमीत कमी पन्नास शब्द, आपण नेमकं काय चुकलो ते तपशीलवार. म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावं, यानं कसं नाक घासलं. आणि लोक बघतात गं, चवीचवीनं बघतात!

मी भडकलेच. "काका, तू माफी मागायची नाहीस. तुझं चुकलंय काय? तू काकूची पण कधी माफी मागितली नाहीस!"

"अगदी खरं," आतून काकू.

"तपशीलवार लिहायचं असं म्हणतायत ना ते?" काका म्हणाला. "मग लिही."

त्यानं सांगितलं, मी टाइप केलं. "माझी मोठी चूक झाली. प्लग काढल्यावरही मायक्रोवेव्हच्या आत जीव घेईल इतका करंट राहतो, तो घरी उघडू नये, हे मी चुकीच्या जागी लिहिलं. 'बिनधास्त हात घाला' हा सल्ला पाळला तर माणूस मरेल, हे मी दोनदा लिहिलं, नियमात एकदाही बसत नव्हतं. पाळणाघरवाल्या ताई, शनिवारी उघडू नका, दुरुस्तीवाल्याला बोलवा, हे सांगायला मी अ‍ॅडमिनशी भांडलो. मला फार वाईट वाटतं."

पाठवलं. आपोआप फळ्यावर चढलं. न तपासता! शिक्षा देण्यातून त्यांना वाचायला वेळ कुठाय?

शुक्रवारभर मी ताईंचं पान उघडून बसले. मंगळवारनंतर त्या फिरकल्याच नव्हत्या. काका तर दुकानात एका मिक्सरचे स्क्रू तीनदा लावून तीनदा काढत होता. शनिवारी सकाळी साडेनऊला ताईंच्या नावापुढे हिरवा ठिपका. फळ्यावरच्या माफीनाम्याखाली कुणाला उत्तर लिहिता येत नाही, त्यांच्या प्रश्नालाही कुलूप. पण प्रश्नाचं शीर्षक ज्याचं त्याला बदलता येतं, आणि ते आमच्या डोळ्यांदेखत बदललं. "उघडत नाही. दुरुस्तीवाला येतोय. त्या काकांना सांगा."

काका नुसता खुर्चीत बसला.

आणि आज, ऐका, आज अ‍ॅडमिनचा निकाल आला. "माफीनामा नामंजूर. सूर नम्र नाही." लाज वाटते का यांना? ज्यानं बाईचा जीव वाचवला त्याला नम्रता शिकवतायत, आणि तो 'बिनधास्त हात घाला' तिथंच आहे, जागचा हललेला नाही! मी तर रडायलाच लागले रागानं.

काकानं चष्मा पुसला आणि खालची ओळ मला वाचायला लावली. नवा माफीनामा येईपर्यंत नामंजूर माफीनामा फळ्यावर तसाच राहील.

"मग," काका म्हणाला, "नवा लिहायची आपल्याला काही घाई नाही."