हॅमिल्टनचा एच

रुचिकाने फळ्यावर श्रोडिंगरचं समीकरण नुकतंच लिहिलं होतं, तेवढ्यात अक्साने हात वर केला.

"मॅडम, तुम्हीच सांगितलं ना, अणूत न्यूटनचं चालत नाही? मग यात हा एच कशाला? हा तर मागच्या वर्षीच्या मेकॅनिक्सचा. गतीची ऊर्जा अधिक स्थितीची ऊर्जा."

भिवंडीच्या त्या कॉलेजात रुचिका अकरा वर्षं हेच शिकवत होती. "तो तसाच घ्यायचा असतो," ती म्हणाली, आणि आपलंच बोलणं तिला खोटं वाटलं.

कॉलेज सुटल्यावर ती थेट जवळच्या कोन गावी गेली. तिला फिजिक्स शिकवलेले जब्बार सर निवृत्तीनंतर तिथे राहत होते. प्रश्न ऐकून सर हसले नाहीत.

"तो एच हॅमिल्टनचा. त्याने श्रोडिंगरच्या शंभरेक वर्षं आधीच पाहिलं होतं," ते म्हणाले. "प्रकाशाचा किरण कुठून जाईल आणि फेकलेला दगड कुठून जाईल, दोन्हींचं गणित एकाच साच्यात बसतं. आता किरण म्हणजे लाटेचं ढोबळ रूप. मग दगडाची वाट?"

"तीही कसल्या तरी लाटेचं ढोबळ रूप?"

"श्रोडिंगरने तेच धरलं. साचा जुनाच ठेवला. फक्त संवेग आधी आकडा होता, आता ती लाटेवर करायची क्रिया झाली."

"पण हे सिद्ध कुठे झालं, सर?"

"नाही झालं. तर्क लढवला, हायड्रोजनला लावून पाहिला. जुळला."

"मग अकरा वर्षं मी पोरांना काय सांगितलं?"

"मी तीस वर्षं सांगितलं तेच," सर म्हणाले. "चहा घे, साय धरली."

परतताना कंटेनरांच्या रांगेत रिक्षा अडकली. हजेरीच्या कागदामागे तिने ऊर्जेचं जुनं सूत्र लिहिलं, संवेगाच्या जागी ती क्रिया घातली. समीकरण तयार झालं. तरी ते का चालतं, हे काही उमगेना. उलट आधी कळलेलंही आता हलल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने वर्गाला सगळं सांगितलं, सरांचं "नाही झालं" सुद्धा.

"म्हणजे चुकीच्या गोष्टीतून बरोबर गोष्ट निघाली?" अक्साने विचारलं.

"चुकीची नव्हे. दगडाला ती अजून लागू पडते. पण तिच्यातून ही नवी गोष्ट श्रोडिंगरला कशी दिसली असेल, ते मला पुरतं कळलेलं नाही."

अक्सा गोंधळून मॅडमकडे बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "मला पण नाही कळलं, मॅडम. परत एकदा किरणापासून सांगाल?"

रुचिकाने फळा पुसला.