पांढरा कागद धरणारा

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघे भाऊ हॉल बघायला जायचो. कॅमेरा माझ्याकडे आणि धाकटा नवरीच्या जागी, हनुवटीखाली पांढरा कागद धरून. हॉलच्या पिवळ्या दिव्यांत पांढरं म्हणजे काय, हे कॅमेऱ्याला आधी शिकवावं लागतं, नाहीतर नवरी कावीळ झाल्यासारखी दिसते. धाकटा नवरीसारखा लाजायचा, पापण्या फडफडवायचा. मी खेकसायचो, "नीट उभा राहा, माकडा!" काम झालं की ते फोटो तिथेच पुसून टाकायचो. उद्यासाठी कार्ड कोरं हवं, हा माझा नियम.

बावीस वर्षं दुसऱ्यांची लग्नं टिपली. आपलाही एखादा फोटो असावा, याचं भान दोघांनाही नव्हतं.

शेवटच्या वेळी माझ्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये डोकावत तो म्हणाला होता, "राहू दे ना दादा हा एक. चांगला आलाय." मी म्हणालो, "तुझं थोबाड ठेवून काय करू?" आणि पुसला. पाच आठवड्यांनी तो गेला. काम करता करता छातीत कळ आली, बस.

उद्या त्याच्याच मुलीचं लग्न. अल्बमच्या पहिल्या पानावर तिला बाबा हवेत. घरात सापडला तो फक्त ओळखपत्रावरचा, फरार आरोपीसारखा. जुनी कार्डं जाणकाराकडून तपासून घेतली. काही परत आलं नाही. हे तिला सांगायला मला तोंड नव्हतं.

आज हॉलवर एकटाच गेलो. बॅटऱ्या भरलेल्या, भिंगं पुसलेली, नातेवाइकांची यादी खिशात. नवरीच्या जागी खुर्ची ठेवून तिला कागद टेकवला आणि कॅमेऱ्याला डोळा लावला. माणसाचा चेहरा सापडला की हा कॅमेरा त्याच्याभोवती हिरवी चौकट दाखवतो. आता ती दिसत होती खुर्चीच्या बरीच वर, हवेत, धाकट्याच्या उंचीवर. भिंतीवर ना चित्र, ना आरसा. चौकट जराशी डोलली, तो मुद्दाम मान वेळावायचा तशी.

"नीट उभा राहा," मी कसंबसं म्हणालो.

चौकट स्थिर झाली. मी बटण दाबलं. फोटोत खुर्ची, कागद आणि भिंत, एवढंच आलं.

"काका, झालं का तुमचं?" दारातून पुतणी विचारत होती. फुलवाल्याशी बोलायला आली होती. तिला बघून मला राहवेना. "बाबांचा एकही धड फोटो नाही गं," मी म्हणालो. "सगळे मीच पुसले, माझ्या हाताने." ती शेजारी येऊन उभी राहिली. मला भयंकर लाज वाटली. करायला काही हवं म्हणून अंगठा सवयीने पुसायच्या बटणावर गेला.

तिने माझं मनगट धरलं. खांद्यावरून स्क्रीनमध्ये डोकावली.

"राहू दे ना दादा हा एक," ती म्हणाली. "चांगला आलाय."

जन्मात तिने मला दादा म्हटलेलं नाही. मी वळून पाहिलं, तर ती रिकाम्या खुर्चीचा फोटो निरखत होती.

"काका, रडताय का?" तिने विचारलं.

मी कार्ड काढून खिशात ठेवलं आणि उद्यासाठी दुसरं घातलं.