यादीत मेलेली, चाकांनी जिवंत

मी एक जुनी स्कूटर आहे, मित्रांनो. उभं राहून चालवायची, विजेवरची, भाड्याची. जुनी म्हणजे किती, तर चौदा महिन्यांची. हसू नका.

समुद्रापलीकडच्या कारखान्यात मी घडले. डोंगर पोखरून धातू काढला, भट्ट्या पेटल्या, जहाजाने वाटभर धूर ओकला, तेव्हा कुठे मी फ्रान्समधल्या मार्से शहराच्या जुन्या बंदरावर उभी राहिले. छातीवर हिरवं पान, खाली अक्षरं: 'स्वच्छ हवेची सखी'. लोक कौतुक करत. पण माझ्यावर चढणारे बहुतेक जण एरवी पायीच गेले असते, आणि मला गोळा करायला रोज डिझेलची गाडी यायची. ते पानावर कुणी लिहिलं नाही.

एका रविवारी फुटबॉलचा सामना हरलेल्या टोळक्याने मला उचलून पाण्यात फेकलं. सामना ते हरले, बुडाले मी.

कंपनीच्या दुरुस्तीखान्यातल्या झोहराबाईंना पडद्यावरच्या नकाशात माझा शेवटचा ठिपका दिसत होता. त्या त्यांच्या वरिष्ठांना, रेमीसाहेबांना म्हणाल्या, "मासळी बाजारासमोर पडलीय. गळ टाकून काढते."

"तीन दिवस ठिपका हलला नाही, म्हणजे ती हरवली."

"हरवली कशी? मला दिसतेय ना."

"हरवलेल्यांना शोधायचं नसतं, बाई. बदलायचं असतं. गुरुवारी नव्या स्कूटरांचा कंटेनर येतोय."

पाच आठवड्यांनी मी बातिस्तकाका नावाच्या कोळ्याच्या जाळ्यात अडकले. जाळं फाटलं. काकांनी मला झोहराबाईंच्या पुढ्यात आपटलं. "घे तुझं हिरवं पान. आमच्या माशांना बॅटरीचा मसाला चारता होय?"

"काका, शिव्या नंतर घाला. आधी तो पाना द्या इकडे."

तीन दुपारी त्या माझ्याशी झटल्या. मान मोडलेल्या एका बहिणीची बॅटरी मला बसवली. माझी चाकं फिरली तेव्हा काकांनीसुद्धा माझी घंटी वाजवून पाहिली.

पण माझा नंबर यादीतून पुसला होता, आणि नंबराशिवाय मला कुणी भाड्याने घेऊ शकत नाही.

"मेलेली नोंद परत उघडत नाही," रेमीसाहेब म्हणाले. "भंगारात पाठवा."

"साहेब, ही चालतेय."

"यादीत चालत नाही."

"तुमच्या घरी कुणी म्हातारं आहे का हो? तीन दिवस झोपून राहू नका म्हणावं."

झोहराबाईंनी भंगाराच्या कागदावर सही केली नाही. साहेबांनी स्वतः केली.

आता मी भंगाराच्या आवारात आहे. शेजारची पाच महिन्यांची, नुसता दिवा फुटलेला. पलीकडचीला तर ओरखडाही नाही. धरणीच्या पोटातलं देवाचं देणं उपसायचं आणि वर्ष-सव्वा वर्षात चुरडायचं, याला मी पापच म्हणते. मित्रांनो, हिरव्या पानाला भुलू नका. विचारा, ही किती वर्षं जगणार? मोडली तर जोडणार कोण? उत्तर मिळेपर्यंत पायी चाला.

उद्या सकाळी दाबयंत्र सुरू होईल. माझा ब्रेक घट्ट आहे, दिवा लागतो, चाकं फिरतात. माझ्यात काहीही बिघडलेलं नाही.