हाराची कडी

हैबतरावांना यंदाच्या दसऱ्याला मिळायचं होतं ते इतकंच: एक शाल, एक नारळ आणि ‘पंचवीस वर्षं विनाअपघात’ असं कोरलेली ढाल. शाली त्यांच्या वरसे गावातल्या घरी चार पडून होत्या, नारळ तर दारातच. तेव्हा खरा जीव ढालीत. पंचवीस वर्षं क्रेन चालवून मान वाकडी झालेली, तिला ताठ करणारं काहीतरी हवंच.

झुबेरला मिळण्यासारखी होती ती पेणला जाणारी पाचची गाडी. रोह्याच्या या कारखान्यात लोखंडातल्या भेगा शोधत त्याचा सलग नववा दिवस होता. उरला होता फक्त हैबतरावांच्या क्रेनचा, ओझं उचलायचा आकडा. खंडेनवमीसाठी हैबतरावांनी त्याला नुकताच पिवळाधम्मक ऑइलपेंट दिलेला.

“काका, रंग खरवडायला लागेल.”

“दोन हात मारलेत रे. वरूनच लाव तुजं यंत्र.”

“रंगातून आवाज नीट आत जात नाय.”

“कतारला शिकून आलास नि दोन हातांना हरलास व्हय?”

झुबेर हसला नाही. हसायलाही अंगात काही उरावं लागतं. त्याने रंग खरवडला, जेल फासलं, यंत्राचा प्रोब टेकवला. कानाला न ऐकू येणारा आवाज लोखंडात सोडायचा. वाटेत भेग असली की तो तिथूनच माघारी येतो आणि पडद्यावर रेष उसळते. आकड्याच्या पाठीला एक लहानशी कडी वेल्ड केलेली होती. नेमकी तिच्याखाली रेष उसळली. पुसून पुन्हा पाहिलं. तीच.

“ही कडी कशाला?”

“हाराला. झेंडूचा हार दरवर्षी घसरायचा. सहा वर्षांमागं मीच लावून घेतली.”

“आकड्याला वेल्डिंग करायचं नसतं, काका. तिथूनच भेग आत गेलीय.”

 झुबेरने घड्याळ पाहिलं.

“कारण म्हणून ‘आकडा जुना झाला’ लिहितो. आकडा बदलतील, तुमची ढाल ऱ्हाईल.”

हैबतराव बाकड्यावर बसले. म्हणाले, “जुना लिवलंस तर पलीकडच्या शेडमधली क्रेन कोण बघेल? ती नवी हाय, तुज्या यादीत नाय. तिलापण कडी हाय. तीपण मीच लावून घेतलेली. त्या क्रेनखाली माल अडकवायला नितेश उभा असतो दिवसभर.” मग उठून त्यांनी खरवडायचा पत्रा उचलला. “खरं काय ते लिव. तिथला रंग मी खरवडतो.”

तिथेही रेष उसळली.

शेवटी कंपनीचे दोन आकडे गेले, झुबेरची गाडी गेली, हैबतरावांची ढाल गेली. नारळ तेवढा मिळाला. नितेशच्या डोक्यावर काही कोसळलं नाही. पण शेड तीन दिवस बंद राहिली, त्याचा ओव्हरटाइम बुडाला, आणि ‘म्हाताऱ्याने घालवला’ म्हणून तो अजून कुरकुरतो.