आग्रह करू नये

आग्रहाशिवाय घेतलेला घास अंगी लागत नाही, हे खानदेशात माणसाला पाळण्यातच कळतं. हेमराजनाना भंगाळे यांची तर या तत्त्वावर छप्पन्न वर्षं श्रद्धा होती. त्यापायी गेले चार महिने ते ऑफिसात उपाशी होते.

जळगावबाहेर हायवेवर केळीची रोपं विकणाऱ्या कंपनीत नाना डिस्पॅचला होते. दसऱ्याला मालकांनी ऑफिसात किचन उघडलं. कॉफीचं मशीन, खारी, चिवडा, वेफर्स, सगळं फुकट. पहिल्याच दिवशी शेजारच्या टेबलावरच्या मोहिनीने विचारलं, "नाना, कॉफी घेता?"

"नको नको, घरून चहा घेऊनच निघालो."

हे नानांचं पहिलं 'नको'. ते नुसतं नमस्कारासारखं असतं. समोरच्याने पुन्हा म्हणायचं, आपण पुन्हा नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा "अर्धाच, तुमच्या शब्दाखातर" म्हणत हात पुढे करायचा. नाना दुसऱ्या नकोची तयारी करून बसले.

मोहिनी "ओके नाना" म्हणाली आणि गेली.

फैजपूरला घरी पोचल्यावर नाना रोज हा हिशेब बायकोला सांगत. "आज बी कोनी दुसऱ्यांदा इचारलं नही."

"मंग तुमी पहिल्यांदा नको कायले म्हन्ता?" पुष्पाबाई विचारत.

"एकदम हो म्हनू? लोकं म्हनतीन, याले घरी खायाले नही का?"

हे पुष्पाबाईंनाही पटे. मोहिनी शहरात वाढलेली पोर, तिला काय कळणार, असं दोघांचं मत पडलं. खरी भिस्त नीलेश गिरासेवर होती. नीलेश शिंदखेड्याचा, सध्या पुण्याला ट्रेनिंगला गेलेला, आणि परतला की ऑफिसचं प्रशासन त्याच्याकडेच येणार होतं. आठ वर्षांपूर्वी तो नोकरीत नवा, एकटा होता, तेव्हा नानांनी त्याला थंडीत भरीत खायला घरी नेलं होतं. ज्वारी-उडदाच्या, म्हणजे कळण्याच्या, दोन भाकरी झाल्यावर त्याने ताटावर दोन्ही हात आडवे धरले. पुष्पाबाईंनी तिसरी त्या हातांवरच ठेवली. चौथी आणि पाचवीही तशीच गेली. "असं भरीत जन्मात खाल्लं नाही," असं तो बाहेर पडताना म्हणाला होता. ते वाक्य नानांनी फैजपुरात निदान पन्नास जणांना ऐकवलं होतं, आणि दर डिसेंबरात पुष्पाबाई विचारत, "तो पाच भाकरीवाला पोऱ्या नही आला का औंदा?"

नीलेश परतला. किचनची पाहणी करताना त्याने नानांना मुद्दाम बोलावून घेतलं. "या नाना, कॉफी घ्या. बठ्ठं फुकट शे!"

ऑफिसात खानदेशी बोली ऐकून नानांना भरून आलं. "नको नको," ते लाजत म्हणाले.

नीलेशने त्यांच्याकडे नीट पाहिलं. आता येतंय, असं नानांना वाटलं.

"बरं," नीलेश म्हणाला आणि खारी उचलून चालू लागला.

दुसऱ्या दिवशी किचनच्या भिंतीवर पाटी लागली: 'सर्व काही मोफत. ज्याने त्याने स्वतः घ्यावे. कोणी कोणास आग्रह करू नये. – नीलेश गिरासे, प्रशासन.'

नानांनी ती तीनदा वाचली. चार वाजता नीलेश कॉफी घ्यायला आला, तेव्हा नाना पाटीखालीच उभे होते.

"ही तू लावली?"

"हो नाना. छान आहे ना?"

"शिंदखेड्याचा ना तू? तुमच्याकडे पाहुण्याला आग्रह करत नाहीत का?"

"करतात ना. म्हणून तर लावली." नीलेशने कप खाली ठेवला. "नाना, रागवायचं नाही. तुमच्याकडे भरीत खाल्लं, त्यानंतर दोन दिवस मी खोलीतून बाहेर पडलो नव्हतो."

"तू तर गावी गेलो म्हणाला होतास."

"गावी कसला! संडासच्या दारात बसून होतो. काकूंनी हातावर भाकर ठेवली ना, तेव्हा रडायचाच बाकी होतो मी. तेव्हाच ठरवलं, आपल्या हातात काही आलं तर माणसाला एकदाच विचारायचं. नको म्हणाला, तर नको."

"अरे, पण असं भरीत जन्मात खाल्लं नाही म्हणालास!"

"मग दुसरं काय म्हणणार? काकू सहावी घेऊन दारापर्यंत आल्या होत्या."

नीलेश हसला. नाना हसतील म्हणून थोडा थांबला, मग कप घेऊन निघून गेला.

नाना उभेच राहिले. आठ वर्षं ज्याला घरचं मूल म्हणून सगळ्या गावाला सांगितलं, तो आठ वर्षं त्यांच्या घरातून सुटून आल्यासारखा जगत होता. आता डिसेंबरात पुष्पाबाई विचारतील. पन्नास लोकांचं एक वेळ राहू दे, पण तिला काय सांगायचं?

किचनमध्ये कुणी नव्हतं. नानांनी एकदा दाराकडे पाहिलं, आयुष्यात प्रथमच कुणी न म्हणता कप उचलला, मशीनखाली धरला आणि सवयीने "अर्धाच" असं पुटपुटत बटण दाबलं.

कप काठोकाठ भरला. ते बटण गरम पाण्याचं होतं.